फलालीनमधली मेंढी

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकीणबाई म्हणाल्या, "मंदाताई, एवढी वर्षं जयपुरात कपड्याच्या कारखान्यात काढलीत, तर रजईवर काही छानसं लिहा." रजईवर लिहिणारे पुष्कळ आहेत. जयपुरात पाय ठेवलेला प्रत्येक पाहुणा एक रजई आणि तिच्यावरचा एक लेख घेऊनच परत जातो. मी फलालीनवर लिहायचं ठरवलं. ते छानसं होईल याची हमी नाही, कारण त्यात माझंच नाक कापलं गेलंय. ती हकिकत दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगितलेली बरी.

फलालीन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. हाताला मऊ लागणारं, अंगावर बारीक लव असलेलं कापड. लहानपणी अकोल्याला छातीत कफ झाला की माझी आई तेल चोळायची आणि वर फलालीनचा तुकडा ठेवायची. बाळंतिणीच्या घरी झबली फलालीनची असायची. ते कशाचं बनतं, असं आईला कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "फलालीन फलालीनचं बनते." माझी पुढची सगळी नोकरी या एका उत्तराची चूक काढण्यात गेली.

आमचे हे रेल्वेत. जयपूरला बदली झाली तेव्हा तीन वर्षांचं म्हणून आलो आणि दुर्गापुऱ्यात घरच करून बसलो. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड तपासायला लागले. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं होणार नाही. दुर्गापुरा शहराच्या एका टोकाला आणि विश्वकर्मा दुसऱ्या, त्यामुळे कापड ओळखायच्या आधी मी जयपूरच्या सगळ्या बसकंडक्टरांना ओळखायला शिकले.

पहिल्याच दिवशी मी कारखान्याला हसायला विषय दिला. सेठजींनी चार तागे समोर टाकले आणि म्हणाले, "मंदाजी, इनमें ऊन देखिए." मी अकोल्याची. आमच्याकडे कपड्याला ऊन दाखवतात. मी म्हटलं, ओल लागली असेल. चारही तागे जिन्यावरून वाहून गच्चीवर नेले आणि उलगडून छान कठड्यावर पसरले. तासाभराने सेठजी वर आले. त्यांनी ताग्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. मग त्यांनी समजावलं की हिंदीत ऊन म्हणजे लोकर. ताग्यात लोकर आहे की नाही ते बघायचं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं थंडी पडली की कोणीतरी मला विचारायचंच, "मंदाजी, ऊन देख लिया?"

लोकर आहे की नाही हे बघायचं कसं, ते मग मी शिकले. कापडातून एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. जळलेल्या केसांसारखा वास आला तर लोकर. काडी बाजूला केली की लोकरीचा धागा आपोआप विझतो, पुढे जळत नाही. जळलेल्या कागदाचा वास आला आणि धागा धुमसत पुढे जळतच राहिला तर सूत. आणि धागा वितळून टोकाला काळा टणक मणी झाला, तर ते प्लास्टिक. मग दुकानदार त्याला काहीही म्हणो. प्रयोगशाळा वगैरे नंतर. आमच्या टेबलावर प्रयोगशाळा म्हणजे एक काडेपेटी आणि माझं नाक.

नाकाने मला नाव मिळवून दिलं हे कबूल करते. कापडाच्या गाडीवरचा माणूस 'शुद्ध ऊन' म्हणत यायचा आणि मी धागा जाळला की 'मिक्स है मैडम' म्हणत जायचा. मला सगळे नाकवाली मॅडम म्हणायला लागले. माझ्या नाकाखालून गेलेल्या मालावर मी गोल शिक्का मारायचे, 'पास'. शिक्क्याशिवाय माल गोदामाबाहेर पडत नसे. आमचे हे म्हणायचे, "काहून लोकायच्या भानगडीत नाक खुपसतं वं?" मी म्हणायचे, त्याचाच तर पगार आहे.

टेबलावर माझ्या जोडीला विमला होती. जवळच्याच वस्तीत राहायची, शाळेत गेली नव्हती, पण हात असा की कापडावरून नुसता फिरवला तरी तुटका धागा सापडायचा. जाळून ओळखायची विद्या तिला मी शिकवली. "केसाचा वास, आपोआप विझलं, म्हणजे मेंढी," असं मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिच्या हिंदीत ते "भेड़ जलती नहीं, बुझ जाती है" असं झालं. ती ते पाढ्यासारखं म्हणायची.

पुढे सेठजी थकले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, कुणालजींकडे आला. सेठजी कापड विकायचे. कुणालजी कहाणी विकायला आले. "मंदाजी, आजकल कपड़ा कोई नहीं खरीदता, लोग स्टोरी खरीदते हैं," असं त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं, मग धुवायचं काय? ते हसले नाहीत.

त्या वर्षी लहान मुलांची झबली आणि रात्रीचे कपडे करायचे होते. कापड सुती. सुताचं कापड तारांच्या दात्यांच्या रुळांवरून ओरखडत नेलं की त्याच्यावर लव उभी राहते. बाजारात यालाच फलालीन म्हणतात. मऊ असतं, स्वस्त असतं, वाईट काही नाही. एकच आहे, ती मोकळी लव आगीला फार लवकर भाळते. ठिणगी लागली तर ज्योत कापडावरून पळत जाते. म्हणून परदेशी जाणाऱ्या मालावर 'आगीपासून दूर ठेवा' असं लेबल लावायची गिऱ्हाइकाची अट होती. इथल्या दुकानांत जाणाऱ्या मालावर अट कोण घालणार? इथल्या मालावर कुणालजींनी कहाणी लावली.

कहाणीसाठी त्यांनी जवाहर नगरातून एक डॉक्टरसाहेब आणले. नाडी बघणारे नव्हेत, शब्दांचे. त्यांनी डोळे मिटून सांगितलं की फलालीन हा शब्द मूळ संस्कृत आहे. फल अधिक आलीन. फळात लीन झालेला. म्हणजे असं की प्राचीन काळी विणकर ध्यानाला बसत, कर्माच्या फळात लीन होत, आणि त्या अवस्थेत विणलं ते फलालीन. मी विचारलं, "फळात लीन झालेला माणूस धोटा कसा फेकणार?" डॉक्टरसाहेबांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. कुणालजी मात्र भारावून गेले होते.

मग टॅग छापून आला. सुंदर होता, खोटं कशाला बोला. जाड कागद, वर गोंडस पांढरी मेंढी, मागे आमेरच्या किल्ल्याची तटबंदी. मी म्हटलं, कुणालजी, हे सूत आहे, यात मेंढी कुठून आली? ते म्हणाले, "ऊन नहीं है मंदाजी, ऊन की फीलिंग है." मी म्हटलं, मग निदान सुती आहे आणि आगीपासून दूर ठेवा, एवढं तरी छापा. ते म्हणाले, "कहानी में आग मत लगाइए." आणि त्यांनी टॅग उलटा केला. मागच्या बाजूला एका बाईचं चित्र होतं, साडी, कपाळाला टिकली, आणि नाक चांगलं ठसठशीत. खाली लिहिलं होतं, 'मंदाजी की नाक से जाँचा हुआ'.

आता इथे मी लिहिणार होते की मी बाणेदारपणे नकार दिला. पण संपादकीणबाईंनी अनुभव मागितलाय. मी ते चित्र बघितलं आणि विरघळले. एवढी वर्षं माझं नाक सूत आणि लोकर ओळखत होतं आणि कोणी त्याचा फोटोही काढला नव्हता. घरी नेऊन ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "नाक तुयंच आहे. मेंढी कोणाची?" मी चहा ठेवायला आत गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या मालावर शिक्का मारला, पास.

दोन गाड्या माल दुकानांत गेला. उरलेला गोदामात पुढच्या गाडीची वाट बघत होता. थंडी पडली होती. त्याच सुमारास विमलाच्या मुलीला मुलगा झाला आणि कारखान्याकडून तिला चार झबली भेट मिळाली. मीच निवडून दिली, टॅगसकट.

चार दिवसांनी विमला कामावर आली नाही. सहाव्या दिवशी आली तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. बाळाला अंघोळ घातल्यावर झबलं सिगडीवर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर, जरा शेकून घालायची तिच्या घरची रीत. तिने झबलं निखाऱ्यांवर धरलं आणि ते हातातच पेटलं. लोकर असती तर धुराचा वास आला असता, तिने मागे घेतलं असतं. हे क्षणात इकडून तिकडे पेटलं. बाळ तिच्या मुलीच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं. आणखी एका क्षणाने ते बाळाच्या अंगात असतं.

ती माझ्यावर ओरडायला आली नव्हती, हे सगळ्यात वाईट. ती स्टुलावर बसली आणि खरंच कोड्यात पडल्यासारखी म्हणाली, "मंदाजी, भेड़ तो जलती नहीं ना? आपने ही सिखाया था." मी म्हटलं, त्यात मेंढी नव्हती. ती म्हणाली, "लिखा हुआ तो मैं पढ़ती नहीं. भेड़ पढ़ ली थी. और पीछे आप थीं." मला तिच्याकडे बघवेना. मी तिच्यासाठी पाणी आणलं, आणि मग आठवलं की तिला पेला धरता येणार नाही. मी तो तिच्या तोंडाला लावला.

मी तडक कुणालजींकडे गेले आणि सांगितलं की उरलेला माल थांबवा, टॅग काढा. त्यांना वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. विमलाला फळांची टोपली पाठवायला सांगितली. फलालीनचं फळ म्हणतात ते हेच असावं. पण माल थांबवायचं नाव काढेनात. "परसों वेल्स से बायर आ रही हैं, उसके बाद देखेंगे," म्हणाले.

वेल्सची ती बाई म्हणजे आमचा परदेशी जाणारा माल घेणारी मेगनबाई. वेल्स इंग्लंडच्या शेजारी आहे, पण तिथल्या माणसाला इंग्रज म्हटलं की तो का रागावतो, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगायला लागणार नाही. सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, बोलताना हातातलं विणकाम चालूच. त्यांना आधी हवामहल दाखवला, कचोरी खाऊ घातली, मग शोरूममध्ये आणलं. डॉक्टरसाहेब तयार होते. त्यांनी डोळे मिटून फल अधिक आलीन सांगितलं. कुणालजींनी त्याचं इंग्रजी केलं आणि इथल्या बाजारासाठीचा तो मेंढीचा टॅग कौतुकाने दाखवला. त्यांच्या मालालाही तोच लावायचा बेत होता.

मेगनबाईंनी विणकाम खाली ठेवलं. "काय म्हणालात? फलालीन?" त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि पोट धरधरून हसल्या. "अहो, हा तर आमच्या घरचा." त्यांच्या भाषेत 'ग्वलान' म्हणजे लोकर आणि 'ग्वलानेन' म्हणजे लोकरीचं कापड. शेजारच्या इंग्रजांच्या तोंडात तो 'ग्व' मावेना, म्हणून त्यांनी पुढे 'फ' बसवला. कोणी फ्लॅनेन म्हणालं, कोणी फ्लॅनेल. तिथून फ्रेंचांनी उचललं, आणखी कोणीकोणी उचललं, आणि साहेबाच्या ट्रंकेतून ते आमच्याकडे उतरलं. आमच्या शिंप्यांनी ल आणि न यांची जरा हलवाहलव केली आणि झालं फलालीन. बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "सगळे पंडित हे मानत नाहीत. काही म्हणतात शब्द फ्रेंचांचाच. पण आमच्या गावात येऊन तसं म्हणून बघा."

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे लोकरीला काय म्हणतात? कुणालजींनी ते हिंदीत सांगितलं. विमला दाराशी उभी होती, ती म्हणाली, "ऊन." डॉक्टरसाहेब सवयीने बोलून गेले, "संस्कृत ऊर्णा." मेगनबाईंचे डोळे चमकले. म्हणाल्या, मी वाचलंय, ऊर्णा आणि आमचं ग्वलान एकाच मुळाचे. हजारो वर्षांपूर्वीची भावंडं. डॉक्टरसाहेब एकदम ताठ झाले, "मैंने कहा था न, संस्कृत!" त्या माणसाने आयुष्यात एकदाच बरोबर उत्तर दिलं, तेही दुसऱ्याच प्रश्नाचं.

"म्हणजे शब्दात मेंढी आहेच," कुणालजी आनंदाने म्हणाले. "आहे," मेगनबाई म्हणाल्या. "कापडात आहे का?"

कुणालजी फीलिंगबद्दल काही बोलणार, तेवढ्यात मी खिशातून काडेपेटी काढली. इतकी वर्षं नेसत्या साडीवर खिशाचा कोट मी त्याचसाठी घालायचे. टॅगवरची बाई मीच, असं मी मेगनबाईंना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. एका झबल्याची बाही कापून चिमट्यात धरली, पितळी ताटलीवर नेली आणि काडी लावली. ज्योत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली, डोळ्याचं पातं लवायच्या आत. सगळे मागे सरले. शोरूममध्ये जळलेल्या कागदाचा वास पसरला. मी विचारलं, "विमला, काय आहे?" ती पट्ट्यांतले हात पोटाशी धरून म्हणाली, "सूत." मेगनबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. त्यांना कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्यांनी त्यांच्या मालापुरतं सांगून टाकलं, मेंढी नको, कहाणी नको, लेबल मोठ्या अक्षरांत हवं. नाहीतर सौदा मोडला. कुणालजींनी लगेच मान्य केलं. आणि बाई गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "एक्सपोर्ट का हो गया. लोकल में कोई पूछता नहीं. गाड़ी कल निकलेगी."

मी वाद घातला नाही. शिक्का उचलला, जेवणाच्या डब्यात टाकला, डब्याला झाकण लावलं आणि बसने दुर्गापुऱ्याला आले. ह्यांनी डबा उघडून पाहिला आणि पहिल्यांदाच नाक खुपसण्याबद्दल काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. शिक्क्यावाचून कारखाना बंद पडेल असा माझा समज होता. दुपारपर्यंत त्यांनी नवा शिक्का करून आणला. पण नवा शिक्का मारायला टेबलावर विमला एकटीच होती, आणि ती म्हणाली, "साहब, हाथ नहीं चलते." तिने पट्ट्या बांधलेले हात पुढे केले आणि ते तसेच धरून राहिली. तिच्यासमोर शिक्का उचलायला दुसरं कोणी पुढे आलं नाही.

तिसऱ्या दिवशी थकलेले सेठजी स्वतः काठी टेकत कारखान्यात आले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. "मंदाजी, क्या चाहिए?" मी म्हटलं, मेंढी काढा, माझं नाक काढा, आणि अक्षरांऐवजी चित्र छापा, सिगडी आणि तिच्यावर फुली, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. सेठजींनी झबलं हातात घेतलं आणि बोटांनी चोळलं. त्या माणसाने जन्मभर कापड विकलं होतं. "लड़के ने मुझे ऊन बताया था," एवढंच म्हणाले, आणि गाडी थांबली. पुढचे आठ दिवस कारखान्यातल्या सगळ्या बायका कात्रीने मेंढ्या कापत होत्या. डब्यातला शिक्का मी पुन्हा टेबलावर आणून ठेवला.

आधी गेलेल्या दोन गाड्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. दुकानदारांना पत्रं गेली म्हणतात. परत फार थोडा माल आला. बाकीच्या झबल्यांवर पांढरी मेंढी आहे आणि मागे मी आहे, नाकासकट. ती कुठल्या घरी गेली आणि कुठल्या सिगडीवर शेकली, मला ठाऊक नाही. थंडी पडली की मला झोप लागत नाही, याचं कारण संधिवात असं मी डॉक्टरांना सांगते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ शोरूममध्येच होता. कुणालजींनी भाषण केलं, मंदाजी म्हणजे आमच्या क्वालिटीचा आत्मा वगैरे. मग माझ्या खांद्यावर एक शाल घातली, 'शुद्ध ऊन' लिहिलेली. कोपऱ्यात मेंढीचा शिक्का. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीने काठाचा एक धागा ओढला. काडेपेटी शोधायला हात कोटाकडे गेला, पण त्या दिवशी मी कोट घातला नव्हता.

विमला पुढे आली. तिच्या हातांच्या जखमा भरल्या होत्या, पण कातडी चकाकती आणि ताणलेली राहिली होती. त्या दिवसापासून तिने कधी काडी ओढली नव्हती, घरी चूलही सून पेटवते. तिने कुणाच्या तरी खिशातून काडेपेटी मागून घेतली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा काडी पेटवली आणि माझ्या हातातल्या धाग्याला लावली. धागा वितळला, टोकाला काळा मणी झाला. टाळ्या थांबल्या होत्या. विमलाने वाकून वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "प्लास्टिक. ऊन नहीं है."

शाल मी घरी आणली. भेट आहे, टाकवत नाही. सकाळी गच्चीवर दोरीवर टाकते आणि संध्याकाळी काढते, तेवढंच तिला ऊन मिळतं.